जप्तीमास्तरांचा स्टिकर

शाळेत माझ्याकडे तीन विषय आहेत. इतिहास, भूगोल आणि जप्ती. पहिल्या दोन विषयांसाठी मी रीतसर बी.एड. केलं. तिसरा विषय एका शनिवारी शिक्षकांच्या सभेत मला डुलकी लागलेली असताना माझ्या नावावर चढला. जाग आली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते, म्हणून मीही वाजवल्या.

जप्ती म्हणजे मुलांचे मोबाईल पकडायचे. पकडलेला मोबाईल पाकिटात घालायचा, पाकिटावर नाव लिहायचं, रजिस्टरला नोंद करायची, पाकीट भूगोलाच्या नकाशांच्या कपाटात कुलपात ठेवायचं, आणि पालक आले की सही घेऊन परत द्यायचं. शाळेत मोबाईल आणायचा नाही असा नियम आहे, म्हणजे मोबाईल येतोच. डब्यातल्या पोळ्यांच्या खाली येतो, मोज्यात येतो, एकदा तर एका मुलीच्या वेणीतून आला होता. मुलं मला समोर ‘सर’ म्हणतात आणि पाठीमागे ‘जप्तीमास्तर’. मला दोन्ही ऐकू येतं.

बाहेरच्यांना वाटतं, पन्नास मुलांच्या वर्गात मोबाईल सापडतो कसा? सोपं आहे. कुठलंही मूल स्वतःच्या पोटाकडे बघून हसत नाही. जे हसतं, त्याच्या मांडीवर मोबाईल असतो. वर्गात जाऊन हात पुढे करायचा आणि काही बोलायचं नाही. मूल आधी तुमच्या तळहाताकडे बघतं, मग तुमच्याकडे, मग शेजाऱ्याकडे, आणि मग मोबाईल देतं. सव्वीस वर्षांत मी शिकवलेल्या कुठल्याही धड्याला इतका चांगला प्रतिसाद मिळालेला नाही.

आमची शाळा बोईसर आणि समुद्र यांच्या मधे आहे. नवापूर-घिवलीच्या मासेमारी करणाऱ्या घरांतली मुलं येतात, पाम गावची येतात, आणि बोईसरच्या कारखान्यांत कामाला आलेल्या हिंदी बोलणाऱ्या कुटुंबांचीही येतात. यातल्या बऱ्याच घरांत मोबाईल एकच असतो. तो मुलाने शाळेत आणला म्हणजे अख्खं घरच दप्तरात घालून आणलं. मग कपाटात आफ्रिकेच्या नकाशाखाली दिवसभर फोन वाजत राहतात. सुरुवातीला मी वाजू द्यायचो. मग एकदा न राहवून उचलला, तर पलीकडून एक बाई म्हणाल्या, “ए, येताना बरफ घेऊन ये, होडी लागली.” मी म्हटलं, मी सर बोलतोय. त्या म्हणाल्या, “मग तुमी सांगा त्याला.” तेव्हापासून मी आठवी अ मध्ये बर्फाचे आणि दहावी क मध्ये गॅसच्या सिलिंडरचे निरोप पोचवत आलो आहे.

या गोष्टी मी घरी खूप रंगवून सांगतो. दिवाळीत भाऊ, वहिन्या, पुतणे जमले की कोणीतरी म्हणतंच, “काका, तो गॅलरीवाला सांगा ना.” गॅलरीवाला म्हणजे रोशन, तेव्हा नववीत होता, पुढच्या वर्षी दहावी ब मध्ये आला. मी फळ्याकडे तोंड केलं की हा मागून फळ्याचा फोटो काढायचा. वहीत एक अक्षर नाही. एकदा मी विचारलं, “रोशन, सह्याद्रीच्या पूर्वेला पाऊस कमी का पडतो?” तो शांतपणे म्हणाला, “है ना सर, मेरे पास है.” म्हटलं, “कुठे?” तर म्हणाला, “गॅलरी में.” पुतणे इथे पोट धरून हसतात. पुढचा भाग मी सांगत नाही. त्याचा फोन मी चार दिवस ठेवून घेतला. त्या चार दिवसांत त्याचा अंगठा बाकाच्या लाकडावर आपोआप वर सरकत राहायचा, आणि मधल्या सुट्टीत डबा तसाच बंद असायचा. मी स्टाफरूममध्ये तो अंगठा सगळ्यांना करून दाखवला होता. सगळे हसले होते.

आणखी एक गोष्ट मी घरी कधीच सांगत नाही. ती सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, आमच्या घरच्या मुख्याध्यापिकेला, तेवढी माहीत आहे. या दिवाळी अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा ती म्हणाली, “लिहायचंच तर ती लिहा. बर्फाचं आता आम्हाला पाठ झालंय.”

तर, मोबाईलबंदी मुलांना आहे, मास्तरांना नाही. मास्तरांचा मोबाईल हे सरकारी कामाचं हत्यार आहे. वाचन तास घेतला, फोटो पाठवा. झाड लावलं, फोटो पाठवा. हात धुतले, धुताना फोटो पाठवा. त्यामुळे वर्गात सगळ्यांत जास्त वेळ मोबाईल कोणाच्या हातात असेल तर तो मोबाईल पकडणाऱ्याच्या. त्यात मला एक व्यसन आहे, तेही कबूल करतो. मी रोज सकाळी सहाला ‘दहावी ब पालक’ या ग्रुपवर ‘शुभ सकाळ’ पाठवतो. कधी सूर्य, कधी जास्वंद, कधी वाफाळता चहा. तीन वर्षांत त्याला एकाही पालकाने उत्तर दिलं नव्हतं. एकाने चुकून अंगठा दाखवला होता, तोही लगेच काढून घेतला.

त्या दिवशी वाचन तासाचा फोटो काढून मी स्टाफरूममध्ये बघत बसलो होतो. मागच्या बाकावर हर्षाली झोपलेली दिसली. नवापूरची मुलगी, दहावीची, नकाशा भरण्यात पहिली. होड्या भरतीच्या वेळेवर लागतात, शाळेच्या नाही. पहाटे लागल्या की आईबरोबर मासळी निवडायला बसायचं, मग अंघोळ करून शाळेत यायचं. हे मला ठाऊक होतं. अॅटलासवर गाल टेकलेला, तोंड किंचित उघडं, एक हात बाकाखाली लोंबणारा. इतकी निर्धास्त झोप मी लहान बाळाचीच पाहिली होती. मला माया वाटली. हे मी आज सफाई म्हणून लिहीत नाही, खरंच वाटली.

तेव्हा मी नुकताच स्टिकर करायला शिकलो होतो. फोटोतल्या माणसावर बोट दाबून धरलं की माणूस मागच्या सगळ्यापासून सुटून येतो, बोंबलाचा काटा ओढून काढावा तसा अलगद. हर्षाली अॅटलाससकट सुटून आली. खाली मी लाल अक्षरांत ‘शुभ रात्री’ लिहिलं आणि घरी गेल्यावर, जेवणाआधी, ग्रुपवर टाकलं.

पाच मिनिटांत अठ्ठावीस जण हसले. मग चौतीस. कोणी लिहिलं, ‘सर भारीच’. कोणी लिहिलं, ‘आमच्या घरातपण एक असाच नमुना आहे’. मी ताट बाजूला सारून मोजत बसलो. सुनंदा म्हणाली, “आमटी निवतेय.” मी म्हटलं, “थांब, छत्तीस झाले.”

पुढचे काही आठवडे हर्षाली वर्गात टक्क जागी असायची. ताठ बसायची, डोळे मोठे करून. हात मात्र वर करायची नाही. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, मुलीला शिस्त लागली. बोर्डाच्या फॉर्मसाठी फोटो काढायचे होते तेव्हाही ती तशीच बसली होती, आणि फोटोवाल्याने “पापणी हलवलीस तरी चालेल” असं म्हटलेलं मला आठवतं. मग ती एक दिवस आली नाही. मग दोन दिवस. मग आठवडा गेला.

आणि एका दुपारी आठवीत दोन मुली पोटाकडे बघून हसताना दिसल्या. मी हात पुढे केला. फोन हातात आला, तर पडद्यावर हर्षाली. माझी लाल अक्षरं पुसून कोणीतरी दुसरी चिकटवली होती, ‘सर, घंटा झाली की उठवा’. मी विचारलं, “हे कुठून आलं?” एक म्हणाली, “सगळ्यांकडे हाय सर. घिवलीच्या व्हॉलीबॉलच्या ग्रुपवर पन हाय. मासळीवाल्यांच्या ग्रुपवर रोज संध्याकाळी येतो, लिलाव संपला की.” दुसरी म्हणाली, “ती आली की पोरं गुड नाईट बोलतात तिला. म्हनून येत नाय ती.”

मी नोंद करायला रजिस्टर उघडलं. त्यात एक रकाना आहे, ‘जप्तीचे कारण’. मी लिहिलं, ‘विद्यार्थिनीची टिंगल करणारा स्टिकर’. आणि पुढे ‘करणाऱ्याचे नाव’ असा रकाना आहे, तो मीच उत्साहाच्या भरात आखून घेतलेला. तिथे पेन बराच वेळ थांबलं.

रजिस्टर घेऊन मी मुख्याध्यापक बाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, “सर, त्या शनिवारच्या सभेत तुम्ही झोपला होतात. तेव्हा तुमचा फोटो कोणी काढला असता तर?”

मी रजिस्टर मिटायला लागलो.

“नाव लिहा,” त्या म्हणाल्या. “आणि पालकाची सही लागते, तीही आणा. रकाना मोकळा सोडायचा नाही.”

मी नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी सुनंदा शाळेत आली, खुर्चीवर बसली, नोंद सावकाश वाचली आणि सही केली. नात्यापुढे लिहिलं, ‘पत्नी’. जाताना म्हणाली, “आता आधी त्या मुलीच्या घरी जा. सहीने काही होत नाही.”

संध्याकाळी नवापूरला गेलो. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते आणि हर्षालीची आई, जयवंतीताई, ते उतरवून टोपलीत टाकत होत्या. आणखी तिघी जणी मदतीला.

“सर, तुमी? या, बसा,” त्या म्हणाल्या. “तुमीच समजवा तिला आता. बोलते शाळेत नाय जानार. मासळीच निवडीन बोलते. आमच्या घरात दहावी कोनी बघितली नाय, हीच पयली होती.”

मी म्हटलं, “ताई, तो फोटो...”

“तो फोटो नं,” त्यांचे हात जोरात चालायला लागले, “कोन मेला येवढा रिकामा बसलेला ते कळायला पायजे एकदा. झोपलेल्या पोरीचा फोटो काढतो. आमी चौघी रोज संध्याकाळी त्याच्या नावाने बोटं मोडतो. विचारा हिला.”

शेजारची म्हणाली, “मी तर बोलले, त्याला झोप नको लागू देस देवा.”

झोप तर मला उत्तम लागत होती. सुनंदाच्या म्हणण्याप्रमाणे घोरतही होतो.

“ताई, तो फोटो मी काढला,” मी म्हटलं. “स्टिकर पण मीच केला.”

चौघींचे हात थांबले. जयवंतीताईंनी माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मला वाटलं, टोपली डोक्यात बसणार. मग त्या म्हणाल्या, “तुमाला पोरं हायत का, सर?”

“एक मुलगी आहे. पुण्याला शिकते.”

“मग तिचा काढाचा होता.”

मी खाली पडलेला एक बोंबील उचलून टोपलीत टाकला.

शेजारणीने उगाच घसा साफ केला आणि म्हणाली, “जयवंती, बिचारे आले तरी सांगायला.” “आले म्हनून बसवलाय,” त्या म्हणाल्या. “ए, सरांना पानी आन.”

पाणी कोणी आणलं नाही. दाराआडून हर्षालीचा आवाज आला. ती आतून सगळं ऐकत होती.

“सर, किती जनांकडे हाय?”

“काय?”

“ते. किती जनांकडे हाय?”

“माहीत नाही गं.”

“मग मोजा,” ती म्हणाली. “मोजा आनि पुसा. वर्गातल्या सगळ्यांच्या घरून गेला की मी येते. तवर नाय.”

ती दाराबाहेर आली नाही.

स्टिकर आपल्या फोनमधून पुसता येतो, दुसऱ्याच्या फोनमधून नाही. एकदा गेला की गेला. तिथे बटण नाही, तिथे पाय लागतात. मी भूगोलाचा मास्तर, म्हणून आधी नकाशा काढला. पाम, नवापूर, घिवली, बोईसर, आणि मान्सूनचे दाखवतात तसे बाण. कोणी कोणाला पाठवला ते विचारत गेलो आणि बाण काढत गेलो. नकाशा देखणा झाला होता. सगळे बाण माझ्या घरापासून निघत होते.

मग दहावी ब चा हजेरीपट घेऊन स्कूटरवर घरोघर फिरलो. एक्केचाळीस घरं. बेल वाजवायची, आणि म्हणायचं, “नमस्कार, तुमच्या फोनमधून माझी एक चूक पुसायची आहे.” काही जण घाबरले, त्यांना वाटलं बँकेची फसवणूक. पामच्या एका आजोबांनी फोन द्यायच्या आधी माझं ओळखपत्र मागितलं. मग म्हणाले, “मला वाटलं तुमच्या मुलीचा फोटो आहे, म्हणून रोज बघत होतो. गोड आहे.” घिवलीत एकीने चहा दिला आणि म्हणाली, “सर, पुसा, पन तुमच्या शुभ सकाळी पन पुसा जमलं तर. फोन भरलाय.”

बोईसरला रोशनच्या घरी गेलो तेव्हा त्याचे वडील रात्रपाळी करून नुकतेच उठले होते. मी माझा मोबाईल पुढे करून दाखवलं, हा स्टिकर. ते म्हणाले, “सर, ये तो मैंने उसी दिन निकाल दिया था.”

“का?”

“बच्ची थकी हुई है. इसमें हँसने का क्या है? हम भी मशीन के पास बैठे-बैठे सो जाते हैं. कोई हमारा फोटो निकाले, घरवाली को भेजे, तो?” मग म्हणाले, “आपने भेजा था, इसलिए कुछ बोला नहीं. मास्टर आदमी को क्या बोलें.”

रोशन कोपऱ्यात वही उघडून बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने वहीकडे बघितलं. चार दिवस त्याचा अंगठा स्टाफरूममध्ये नाचवणारा माणूस त्याच्याच घरात बसून चहा पीत होता. निघताना म्हटलं, “रोशन, तुझी पण माफी मागायची आहे.” त्याला कशाबद्दल ते माहीत नव्हतं, आणि मला सांगायचा धीर झाला नाही. ती उधारी अजून तशीच आहे.

पंधरा दिवसांनी एक्केचाळीस घरं झाली. वर्गातही मी उभा राहून सांगितलं की स्टिकर मी केला होता. मला वाटलं होतं, मुलं हसतील, विषय हलका होईल. कोणी हसलं नाही. पहिल्या बाकावरची मुलगी एवढंच म्हणाली, “आमाला ठाऊक होतं सर. पयला तुमच्याच नंबरवरून आला होता.” म्हणजे इतके दिवस वर्गाला ठाऊक होतं, आणि मी त्याच वर्गात मोबाईलच्या दुष्परिणामांवर बोलत होतो. मन लागत नाही, झोप उडते, मूल एकटं पडतं. सगळे मुद्दे बरोबर होते. उदाहरण समोर उभं होतं, हातात खडू घेऊन.

हर्षाली सोमवारी आली. ओढणी कपाळापर्यंत. मागच्या बाकावर, भिंतीच्या बाजूला. आणि दर शनिवारी शाळा सुटली की कपाटाजवळ येऊन विचारायची, “सर, किती राहिले?” मी नकाशा काढायचो. आठवी झाली. नववीतले सहा राहिले. व्हॉलीबॉलवाले झाले. मासळीच्या ग्रुपवरचे व्यापारी पालघरला असतात, तिथे रविवारी जातो. ती सगळं ऐकून घ्यायची आणि मान हलवून जायची. वर्गात मात्र गप्पच. पूर्वपरीक्षेच्या आधी एकदा मी फळ्यावर नकाशा काढत होतो आणि मागून आवाज आला, “सर, तापी तिथून नाय जात.” मी वळून बघितलं. हात वर होता. मी तापी पुसून पुन्हा काढली. एवढ्या आनंदाने मी आयुष्यात कुठलीच चूक दुरुस्त केली नसेल.

पूर्वी मूल वर्गात झोपलं की वर्गातच झोपायचं. दोन जण हसायचे, मास्तर खडू मारायचे, घंटा झाली की विषय संपायचा. घंटेनंतरही तो विषय घरी, बंदरावर, बाजारात चालू ठेवायचं यंत्र आता सगळ्यांच्या खिशात आहे, आणि माझ्याही आहे. जप्तीच्या कामात मी फक्त मुलांचे खिसे बघत होतो.

हॉल तिकिटं वाटायच्या दिवशी ती शेवटी आली.

“सर, किती राहिले?”

“एक.”

“कोन?”

“मी.”

मी समजावून सांगितलं की लोकांना कुठला स्टिकर पुसायचा ते दाखवायला माझ्याकडे तो असावा लागत होता. एक्केचाळीस घरांत, पालघरच्या बाजारात, सगळीकडे मी तोच उघडून दाखवत फिरलो होतो. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की गेले तीन महिने तो सगळ्यांत जास्त वेळा मीच दाखवला होता.

“बघू,” ती म्हणाली.

“कशाला बघतेस? मी पुसतो.”

“मी नाय बघितला तो अजून. आईचा फोन बाबांकडे होडीवर असतो. पोरी दाखवायच्या तर मी डोले मिटायचे.”

मी मोबाईल दिला. तिने तो दोन्ही हातांत धरला आणि खिडकीच्या उजेडात नेला. मला एकदम भीती वाटली की सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतंय.

“मी झोपले की अशी दिसते?”

“हो.”

“आईसारखी दिसते,” ती म्हणाली.

मग तिने बोट दाबून धरलं, पुसलं, दोनदा खात्री केली आणि मोबाईल परत दिला. “संपलं ना?”

खोटं बोलणं सोपं होतं. “माझ्या यादीतलं संपलं,” मी म्हटलं. “कुठेतरी एखादा असेल. आला कानावर की जाईन.”

तिने मान हलवली. सही करून हॉल तिकीट घेतलं, नाव तपासलं, केंद्र तपासलं. त्यावर फॉर्मच्या वेळचा तो फोटो होता, डोळे ताणून मोठे केलेला, पापणीसुद्धा न हलवता काढलेला. तो तिने जवळ धरून बघितला, मग लांब धरून बघितला.

“सर,” ती म्हणाली, “ह्याच्यापेक्षा तुमचा बरा होता.”